आकारामचा कान आणि रामगोंडांचा काटा

इस्लामपुरात ताकारीकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक गाळा आहे. त्याच्यावर पाटी नाही. पूर्वी होती, वळवाच्या वाऱ्यात उडून गेली आणि मालकानं दुसरी लावली नाही. "गाडी आजारी पडली की मानसाला वाट आपसूक सापडती," असं त्याचं म्हणणं. मालकाचं नाव आकाराम. वय सत्तर, अंगानं काडी, आणि हात असे की साबणानं दहादा धुतले तरी रेषांतलं काळं निघत नाही.

मी रंगभूमीवरचा माणूस. आमची फिरती नाटक कंपनी होती. यात्रा-जत्रांत तंबू ठोकायचा, चार दिवस खेळ करायचे आणि पुढचं गाव गाठायचं. मी राजे करायचो आणि खलनायकही करायचो. कधी कधी एकाच नाटकात दोन्ही करायचो, कारण माणसं कमी पडायची. लोणंदला आमचा मुक्काम होता तेव्हा बावीस वर्षांचा आकाराम कंपनीत आला आणि जनरेटरवर बसला. कंपनी मोडली त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. ज्यांच्या अंगावर मी जरीचे अंगरखे बघितले ते कोण कुठं गेले, माहीत नाही. आकाराम तेवढा इस्लामपुरात राहिला, आणि माझी बहीण इथं दिलेली म्हणून मीही राहिलो. तो मला अजून "राजे" म्हणतो. बाकी गावात मला राजे म्हणणारं कुणी नाही, म्हणून मी रोज सकाळी चहाला त्याच्या गाळ्यात जातो.

तिथं खुर्ची एकच, तीही माझी. आकाराम पालथ्या डब्यावर बसतो. गिऱ्हाईक आलं की त्याला गाडी चालू करायला सांगतो, लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानावर धरतो आणि डोळे मिटतो. गिऱ्हाईक बोलायला लागलं की नुसता डावा हात वर करतो. आमच्या कंपनीत गवई तंबोरा लावताना अशीच शांतता असायची. मग डोळे उघडून सांगतो, "उजव्या सिलिंडरचा प्लग गेलाय," किंवा, "चेन वरडाय लागलीय, इंजिनाला काय झालं न्हाई." गेल्या तीस वर्षांत त्यानं गाडी उगाच खोलल्याचं मला आठवत नाही. आधी कान, मग हात, अशी त्याची रीत. जुन्या गाड्यांची माणसं साताऱ्यापासून येतात ती या रीतीसाठी.

मार्गशीर्षात असाच एकदा सकाळी गेलो, तर शटर अर्धं खाली होतं. आकाराम आत बसलेला, चहा नाही, स्टोव्ह नाही.

"काय रे, काम नाही?"

"काम हाय. मी न्हाई," तो म्हणाला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. आकारामचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे रामगोंडा पाटील. सांगलीच्या अलीकडचे जैन शेतकरी, बहात्तरीचे, ऊस आणि थोडी द्राक्षं. त्यांच्याकडे दोन सिलिंडरांची, साडेतीनशे सीसीची मोटारसायकल आहे. ऐंशीच्या दशकात घेतलेली, अजून आरशासारखी. तिला स्पीडमीटरच्या शेजारी दुसरं एक मीटर आहे. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते काटा दाखवतो. इंजिनाच्या खालच्या अंगातून एक केबल वर येते, ती फिरते, आणि ती जितकी जोरात फिरेल तितका काटा पुढं सरकतो. रामगोंडांना त्या काट्याचं भारी कौतुक. गाडी उभी असताना काटा बाराशेवर असला पाहिजे, हा त्यांचा घरचा नियम.

दिवाळीनंतर ते गाडी घेऊन आले. म्हणाले, उभी असताना काटा दोन हजार दाखवतोय, इंजिन तापून मरायचं. आकारामनं पेचकस कानाला लावला. त्याच्या कानाला ते बाराशेच वाटत होते. त्यानं परत ऐकलं. परत बाराशे. काटा मात्र दोन हजारांवर ठाम.

"मग मी केबल बदलली," आकाराम म्हणाला. "नवी कोरी. तरी दोन हजार. खालची चक्री काडून दात मोजले. बरोबर. आन राजे, बिघडलेला काटा कसा असतोय, ठावं हाय? थरथरतोय. वर-खाली नाचतोय. हा न्हाई थरथरत. भिंतीला खिळा ठोकल्यागत उभा. असा काटा खोटं बोलत न्हाई."

"मग?"

"मग काय, काटा खरा मानला आन स्क्रू फिरवून इंजिन हळू केलं, काटा बाराशेवर आणला. माझ्या कानाला ते लय हळू लागत हुतं, पर म्हनलं, कान म्हातारा झाला असंल."

दोन दिवसांनी पेठ नाक्याच्या उतारावर रामगोंडांनी क्लच दाबला आणि गाडी दम तुटल्यासारखी बंद पडली. मागून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांचा. ड्रायव्हर शहाणा होता, त्यानं बाजूनं काढला. रामगोंडा पडले नाहीत, खरचटलंही नाही. गाडी ढकलत ढाब्यापर्यंत नेली आणि तिथून टेम्पोत घालून गाळ्यात आणली. "बघा सवडीनं," एवढंच म्हणाले आणि एसटीनं घरी गेले.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," आकाराम म्हणाला. गाडी कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी होती. तो तिकडं बघतही नव्हता. "मानूस मेला असता, राजे. माझ्या कानापायी."

मी म्हणालो, एका गाडीवरून कुणी असं ठरवतं का. तर म्हणाला, एक गाडी नाही. सून म्हणते टीव्ही मोठा लावता. फोन वाजलेला कळत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितलं होतं, डाळीचा कोळसा झाला. त्याची सून संयोगिता. शाळेवर शिक्षिका, बोलायला तिखट आणि मनानं लोणी. तिनं सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडं दोनदा नंबर लावला होता. दोन्ही वेळा यानं पोटदुखीचं सोंग केलं. सोंग मी शिकवलेलं नव्हतं, कारण संयोगिता म्हणाली फारच वाईट केलं.

"धनाजीला गाळा देऊन टाकतोय," तो म्हणाला. धनाजी शेजारचा, मोबाइल दुरुस्तीवाला. त्याला वाढीव जागा हवीच होती. "येत्या एकादशीला किल्ली देतो. कानानं दगा दिल्यावर निसत्या हातानं काय करू? उद्या एकाद्याचा बिरेक बांधीन आन ऐकायचं राहून जाईल."

मी राजा होतो, शत्रू होतो, एका नाटकात तर प्रत्यक्ष यम होतो. पण त्या सकाळी मी चहाशिवायच उठलो. घरी आलो आणि बहिणीला म्हणालो, आकाराम दुकान बंद करतोय. ती म्हणाली, मग तुझा चहा? मी म्हणालो, चहाचं काय घेऊन बसलीस. पण खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती, चहाची नाही, त्या डब्याची आणि खुर्चीची. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला जायला एक जागा लागते.

एकादशीला चार दिवस होते. रामगोंडा गाडी परत न्यायला आले. आकारामनं त्यांना सांगून ठेवलं होतं की कोल्हापूरला एक चांगला कारागीर आहे, त्याच्याकडं न्या. रामगोंडा दारात उभे राहिले, डोक्याला टोपी, हातात द्राक्षांची पाटी.

"आवं आकाराम, तीस वर्सं तुमच्या हाताखाली हाय गाडी. आता कोल्लापूर कशाला?"

"मला ऐकू येत न्हाई, पाटील."

"मग मी मोठ्यानं बोलतो की."

आकाराम हसला. आठवड्यात पहिल्यांदा. पण ऐकेना. शेवटी रामगोंडा म्हणाले, बरं, टेम्पोत चढवण्याआधी एकदा चालू तरी करून दाखवा, बॅटरी उतरली नसेल ना. आकारामनं किक मारली. निळा धूर सुटला, दुहेरी धडधड गाळ्यात भरली. मी माझ्या खुर्चीत होतो, मीटर बरोबर डोळ्यांसमोर. आकारामनं सवयीनं डोळे मिटले, थोडं ऐकलं, मान हलवली आणि डोळे न उघडताच किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

काटा थांबला नाही. तो आपला सावकाश खाली येत होता, उत्सवमूर्ती पालखीतून उतरावी तसा. तबल्याचे बोल ऐकून ऐकून मला मात्रा मोजायची खोड लागली आहे. आठ मात्रा झाल्या तेव्हा तो शून्यावर टेकला.

"आकाराम," मी म्हणालो, "नट विंगेत गेला. याची सावली अजून रंगमंचावर कशी?"

"काय?"

"इंजिन बंद झालं तरी हा काटा आठ मात्रा खाली येतोय. पूर्वी पण असाच यायचा का?"

आकाराम गाडीकडं बघत राहिला. मग परत किक मारली आणि या वेळी डोळे उघडे ठेवून किल्ली बंद केली. काटा खाली आला, सावकाश. त्यानं तिसऱ्यांदा केलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मी कवा बगितलंच न्हाई. ऐकताना डोळं मिटतो, आन बंद करताना ऐकतच असतोय." तो खाली बसला. "हा पटकन पडाय पाह्यजे. इंजिन थांबलं की टपकन. आत कशानं तरी धरलंय ह्येला."

रामगोंडा म्हणाले, "मग काटाच खोटा की. सुटलो."

मीही तेच म्हणणार होतो. पण आकारामनं डावा हात वर केला.

"काटा खोटा ठरला म्हंजी माझा कान खरा ठरला, असं न्हाई पाटील. दोगं बी खोटं असतील."

मी आयुष्यात पुष्कळ नट बघितले. टाळी पडायच्या जागी थांबून "अजून वाक्य संपलं नाही" म्हणणारा हा एकटाच. हवं ते उत्तर समोर आलं होतं आणि हा गडी ते घेत नव्हता.

"तिसरा साक्षीदार पाह्यजे," तो म्हणाला. "ज्याला ना माझी वळख, ना ह्या मीटरची." आणि मग वर छताकडं बघून म्हणाला, "राजे, तुमच्या घरात अजून चोकची ट्यूब हाय न्हवं?"

आता हे सांगायला मला थोडं मागं गेलं पाहिजे. आमच्या काळी कोरेगावच्या बाजारात तंबू लागला की आकाराम पहिलं काम एक करायचा. जवळच्या घरातून विजेची तार ओढून एक ट्यूब पेटवायचा आणि तिच्या उजेडात जनरेटरचं चाक फिरवायचा. चाकावर खडूची एक रेघ. आम्ही विचारायचो, हे काय देवाचं? तो सांगायचा, चोकची ट्यूब आपल्याला सलग पेटलेली दिसते, पण ती सेकंदाला शंभरदा उघडझाप करते. सगळ्या देशात तेवढीच, इथं काय आणि दिल्लीत काय. चाकाचा वेग तिच्याशी बरोबर जुळला की फिरती रेघ जागच्या जागी उभी दिसते. रेघ उभी राहिली की त्या वेगाचा आवाज तो कानात साठवून घ्यायचा आणि रात्रभर जनरेटर त्या आवाजावर धरून ठेवायचा. म्हणून आमच्या रंगमंचावर दिवे कधी मंद झाले नाहीत. दुसऱ्या कंपन्यांत राणीच्या मरणाच्या प्रवेशात बल्ब लाल होऊन मरायचे आणि लोक हसायचे.

आता घरोघर एलईडी, त्यात तशी उघडझाप नाही. संयोगितानं गाळ्यातही तोच लावला होता. माझ्या खोलीत तेवढी जुनी ट्यूब आहे. पेटताना तीनदा डोळे मिचकावते आणि मग सावकाश उजळते. मला ते आवडतं म्हणून बदलली नाही. रामगोंडा आणि मी जाऊन ती पट्टीसकट काढून आणली. भर दुपारी दोन म्हातारे हातात ट्यूब धरून रस्त्यानं चाललेले बघून धनाजीनं विचारलं, "काय राजे, लग्न-बिग्न हाय का?"

"तुझ्या गाळ्याचं," रामगोंडा म्हणाले.

गाळ्यात अंधार हवा होता आणि धूर बाहेर जायला हवा होता. म्हणून गाडीचं शेपूट रस्त्याकडं, तोंड आत, शटर निम्मं खाली, आणि उरलेल्या फटीला ताडपत्री. मी ती दोन्ही टोकांना बांधली. पडदा बांधायचं काम मला कुणी शिकवायला नको. संयोगिता शाळेतून आली ती नेमकी त्या वेळी. ताडपत्रीतून डोकं आत घालून सासऱ्याला म्हणाली, "मामा, हे काय चाललंय?" मीच म्हणालो, प्रयोग. ती पर्स ठेवून आत आली आणि उभी राहिली.

आकारामनं डाव्या अंगाचं झाकण काढलं. आतलं चाक इंजिनाबरोबरच फिरतं. त्याच्यावर खडूनं एक रेघ ओढली. मग त्यानं कामं वाटून दिली. रामगोंडांनी मीटर बघायचं. मी रेघ बघायची. तो स्वतः दोन्हीकडं पाठ करून हँडल धरणार, डोळे मिटणार आणि कानानं तीन हजारांवर गाडी आणणार.

"तीन हजार आसंल तर एका रेघंच्या दोन दिसतील, समोरासमोर, उभ्या," त्यानं मला सांगितलं. "चार हजार आसंल तर तीन दिसतील, चुलीच्या तीन दगडांवानी. दोन का तीन, तेवढंच सांगा. माझ्याकडं बगून सांगू नका."

ट्यूबनं तीनदा डोळे मिचकावले आणि पेटली. किक बसली. पत्र्याच्या त्या पेटीत आवाज असा घुमला की पोटात कळावा. आकारामनं मूठ पिळली. आवाज चढला, थोडा उतरला, परत चढला. त्याच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. बोटं इतकी हळू हलत होती की हलतायत की नाही कळू नये. मग ती थांबली.

"झालं," तो ओरडला. "माझ्या कानाला हे तीन हजार. पाटील, मीटर?"

"चार हजार," रामगोंडा म्हणाले. त्यांचा आवाज पडला. "चाराच्या बी किंचित फुडं."

मी वाकलो. माझ्या चष्म्यावर धूर बसला होता, धोतराच्या सोग्यानं पुसला. चाक म्हणजे नुसता करडा झगझगाट. मग डोळा बसला आणि त्या झगझगाटातून रेघ वर आली. एक वर. एक खाली. मी तिसरी शोधली. खरंच शोधली, कारण मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खोटं बोलणं हा तर माझा धंदा होता. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. तिसरी नव्हती. वरची आणि खालची, दोघी सावकाश गोल सरकत होत्या, लहान पोरी हात धरून फेर धरतात तशा.

"दोन," मी म्हणालो.

"किती?"

"दोन. आणि हळू फिरतायत. उभ्या नाहीत अगदी."

"कुठल्या अंगाला?"

मी दाखवलं. त्याचा अंगठा केसभर हलला. रेघा थांबल्या. मी उभं आयुष्य रंगमंचावर काढलं, पण असं काही थांबलेलं बघितलं नव्हतं. मिनिटाला तीन हजार फेरे घेणारं लोखंड, आणि त्यावर खडूच्या दोन रेघा, जशा आत्ताच कुणी पाटीवर ओढल्यात.

"वळ मागं," मी म्हणालो. "बघ."

त्यानं वळून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग इंजिन बंद केलं, आणि मागून काटा आपला आठ मात्रांनी खाली आला. आकाराम डब्यावर बसला, खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं आणि पुसतच राहिला. ते फडकं ग्रीसनं भरलेलं होतं. बाजूला केलं तेव्हा सगळं तोंड काळं झालेलं. संयोगिता हसायला लागली आणि हसता हसता डोळे टिपू लागली.

"मामा, चार रेघा आल्या बघा तोंडावर."

"आसू दे," तो म्हणाला. "आजच्या दिस आसू दे."

मग मीटर खोललं. ते काम सोनाराचं. मागची कडा हलक्या हातानं उलगडायची, आतली केसासारखी स्प्रिंग दुखवायची नाही. आत एक छोटं लोहचुंबक फिरतं आणि त्याच्याभोवती हलकी वाटी असते. चुंबक वाटीला शिवत नाही, नुसतं ओढतं, आणि त्या ओढीनं काटा सरकतो. आकारामनं दिवा धरला. चुंबक आणि वाटीच्या मधे पिवळट, चिकट, गोंदासारखं काहीतरी साचलं होतं. त्यानंच वाटीला धरून पुढं ढकललं होतं. म्हणून काटा जास्त दाखवत होता, आणि म्हणूनच थरथरत नव्हता. चिकटलेला माणूस थरथरणार कुठून. रामगोंडांना आठवलं की थंडीत सकाळी काटा जास्त दाखवायचा आणि दुपारी उन्हात जरा शुद्धीवर यायचा. हे त्यांनी आधीही सांगितलं होतं. तेव्हा आकाराम म्हणाला होता, सकाळी माझे कान बसलेले असतात. स्वतःवर संशय आला की माणूस प्रत्येक पुरावा स्वतःच्याच विरुद्ध लावतो.

"पाटील, तुमी ह्यात तेल घातलं का?"

"छ्या. मीटरला हातच लावला न्हाई."

"कुनी खोललं?"

"कुनी न्हाई."

आकारामनं काडीवर तो चिकटा घेऊन नाकाशी धरला. इंजिन ऑइल नव्हतं. संयोगितानं काडी घेतली, वास घेतला, आणि वर्गात चोर सापडल्यासारखं रामगोंडांकडं बघितलं.

"हे खायचं तेल आहे. करडीचं. घाण्यावरचं."

रामगोंडांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"बेंदराला पाजलं," ते म्हणाले.

आमच्या भागात आषाढात बेंदूर असतो. बैलांचा सण. बैल धुवायचे, शिंगांना हुरमुंजाचा तांबडा रंग लावायचा, पुरणपोळी द्यायची, आणि कामानं झिजलेल्या जनावराला ताकद यावी म्हणून बांबूच्या नळीनं तेल पाजायचं. कुणी त्यात अंडी फोडतात. रामगोंडांच्या घरी अंडं चालत नाही, नुसतं तेल. त्यांच्या गोठ्यातला शेवटचा बैल चैत्रात म्हातारपणानं गेला. पोरांनी ट्रॅक्टर केव्हाच घेतलेला. बेंदराच्या दिवशी त्यांची बायको सुंदरी करडीचं तेल वाटीत घेऊन सवयीनं गोठ्यापर्यंत गेली आणि रिकामी दावण बघून दारात उभी राहिली.

"ती वाटी तशीच परत आनायची, ह्ये बरं दिसंना," रामगोंडा म्हणाले. "मग मी म्हनलं, चाळीस वर्सं हिनं बी कष्ट केल्यात. गाडी धुतली. हँडलला गोंडं बांधलं, हुरमुंज लावला. आन तेल पाजाय नळी बघाय लागलो, तर वर मीटरखाली केबलचा फिरकीचा आटा दिसला. तो सोडला, आन केबलीत वाटी वतली. निम्मी गेली तवा वाटलं पोट भरलं."

"आन मग आटा लावला."

"व्हय."

"आन मी इच्यारलं, कुनी खोललं का, तर न्हाई म्हनलासा."

"आवं, त्ये खोलणं न्हवं. त्यो सण हुता."

फिरत्या केबलीच्या पिळांवरून तेल वर चढलं, मीटरमधे जाऊन बसलं आणि चार-पाच महिन्यांत सुकून गोंद झालं. केबल नवी घातली तरी गोंद आतच. आकाराम हे समजावून सांगत होता, पण मधेच थांबला. मला वाटलं आता रागावेल. आठवडाभर या माणसाची झोप गेली होती, किल्ली दुसऱ्याच्या हातात जायची वेळ आली होती. तो म्हणाला, "बैलाचं नाव काय हुतं?"

"तांब्या."

"चांगला हुता?"

"लय गुणी. हाक मारायच्या आधी वळायचा."

"फुडच्या बेंदराला माझ्याकडं घिऊन या हिला," आकाराम म्हणाला. "कुठलं तेल कुठं पाजायचं ते मी दावतो. पुरणपोळी मातर मला."

मीटर साफ करायला संध्याकाळ झाली. परत बसवलं, उतरवलेला स्क्रू कानानं पुन्हा बाराशेवर आणला, परत ट्यूबखाली धरलं. दोन रेघा उभ्या, काटा तीन हजारांच्या किंचित पुढं. इंजिन बंद केलं तर काटा टपकन पडला. मला मात्रा मोजायला सवडच मिळाली नाही. रामगोंडा गाडीवर बसून सांगलीच्या वाटेला लागले. द्राक्षांची पाटी विसरून गेले, आम्ही ती तिथंच संपवली. धनाजी आत डोकावला. आकारामनं त्याला घोस दिला आणि म्हणाला, "गड्या, गाळा देत न्हाई."

"मला वाटलंच," धनाजी म्हणाला. "दुपारपासनं त्या गाडीचं भोकाड बंद व्हईना. समोरचा गाळा बघतो मी."

पुढच्या सोमवारी सकाळी मी गेलो तर शटर खाली. मी ते हलवून बघितलं. तेवढ्यात धनाजी म्हणाला, सुनेबरोबर सांगलीला गेलेत, कान तपासायला. स्वतःच म्हणाले चल म्हणून.

दुपारी दोघं एसटीनं परतले. आकारामच्या हातात डॉक्टरांनी दिलेला कागद होता, त्यावर एक आडवी रेघ, शेवटी घसरत गेलेली. त्यानं तो माझ्यापुढं धरला.

"जाड आवाज सगळं येत्यात. बारीक गेल्यात. फोन, कुकर, डास. डॉक्टर म्हनला यंत्र लावा, म्हनजे शिट्टी ऐकू यील."

"मग?"

"लावतो की. भ्यायचं काय त्यात आता."

"डाळ तरी वाचेल," संयोगिता म्हणाली आणि स्टोव्ह पेटवला. बाहेर एक बाई बंद पडलेली मोपेड ढकलत येत होती. आकारामनं कागद घडी घालून खिशात ठेवला, डब्यावरून उठला आणि पेचकस शोधायला लागला. तो माझ्या खुर्चीखाली निघाला.